दवाखान्याची गल्ली आली की कुत्रा बसकण मारतो: भीती कुठून सुरू होते ते आधी शोधा

घरी मांडीवर डोकं ठेवून झोपणारा कुत्रा दवाखान्यात चौघांना आवरत नाही. पहिल्या लशीच्या वेळी नुसता कुंईकुंई करत होता, पुढच्या वर्षी थरथरायला लागला, त्याच्या पुढच्या वर्षी गुरगुरला, आणि आता दवाखान्याची गल्ली आली की भर रस्त्यात बसकण मारतो. ओढलं तर मान मागे घेऊन पट्ट्यातून निसटतो. आपल्याला वाटत राहतं, मोठा झाला की समजेल. होतं उलटंच.

तुमच्याकडे असं चाललं असेल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आमचा तांबू पाच वर्षांचा, गावठी, १९ किलोचा. तीन महिन्यांचा असताना त्याला पार्वो (पिल्लांना होणारा, जिवावर बेतणारा संसर्गजन्य आजार) झाला आणि पाच दिवस तो सलाईनवर होता. वाचला, पण स्पिरिटचा वास तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसला. तीन वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात गोचिडांमुळे ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, महिनाभर गोळ्या आणि दर काही दिवसांनी रक्त तपासायला चकरा. त्या महिन्याच्या शेवटी तो नाशिकमधल्या मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या घराचा जिनाही उतरेना. मी त्याला उचलून नेत होते आणि मनाशी म्हणत होते, एकदाचं उरकून टाकू. आज मला पक्कं ठाऊक आहे की ही अडचण पुन्हा पुन्हा येण्याचं सगळ्यात मोठं कारण माझं हे ‘एकदाचं उरकून टाकू’ होतं. माझ्या लेखी दहा मिनिटांत काम झालं होतं. त्याच्या लेखी पुढच्या वेळची भीती पक्की झाली होती.

घाबरलेल्या कुत्र्याची तपासणीसुद्धा नीट होत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वर जाऊ शकते, आजार नसताना अंग तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. झटापट करून धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं १०३ भरलं, तर ते तापाचं की भीतीचं हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं? पोट चाचपावं तर त्याने ते आवळून धरलेलं असतं. आणि असा कुत्रा न्यायचा म्हटलं की आपणच चालढकल करतो. रेबीजची लस महिनाभर पुढे जाते, कान खाजवत असला तरी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ होतं. म्हणून हे ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आधी शोधा: नेमकं कुठे बिनसतं?

कुत्रा टेबलावर चावायला येतो, म्हणून सगळे टेबलावरचा इलाज विचारतात. पण टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्याची सहनशक्ती काठोकाठ भरलेली असते. गाडीतले हेलकावे, गल्लीतला वास, गुळगुळीत फरशी, शेजारच्या खुर्चीखालून बघणारा अनोळखी कुत्रा, पिंजऱ्यातली मांजर, वजनकाट्याचं हलणं, हे सगळं आधीच साचलेलं असतं. सुई हा त्यातला शेवटचा थेंब.

एक वही घ्या आणि घरापासून सुईपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहा: पट्टा काढला, जिना, गाडी, गल्ली, पायरी, वजनकाटा, थांबणं, आतली खोली, टेबल, अंगाला हात, थर्मामीटर, सुई. प्रत्येकापुढे कुत्रा काय करतो ते लिहा. गुरगुरणं आणि चावणं तर सगळ्यांनाच दिसतं. त्याच्या बऱ्याच आधी तो आपल्याला सांगत असतो: समोर खायला नसताना जिभल्या चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान न वळवता तिरक्या नजरेने बघतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. कान मागे जातात, एक पंजा उचललेला राहतो, फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटतात, अंगावरचे केस झडायला लागतात. कुत्र्याला पंजांच्या गादीतून घाम येतो, म्हणून ते ओले ठसे. मला हे कळायला तीन वर्षं लागली.

तांबूवर मी आठवडाभर लक्ष ठेवलं तेव्हा ध्यानात आलं की त्याची सुरुवात गल्लीत नव्हतीच. कपाटातून त्याची लशींची निळी फाईल काढली की तो पलंगाखाली जायचा. फाईल! मी महिनोन्‌महिने दवाखान्याच्या पायरीवर डोकं फोडत होते आणि त्याची भीती घरातल्या कपाटापाशी सुरू होत होती. मग आम्ही कपाटापासूनच सुरुवात केली. दिवसातून पाच-सहा वेळा फाईल बाहेर काढायची, त्याच्यासमोर दोन-तीन तुकडे टाकायचे, फाईल परत आत. बाहेर जायचं नाही, काही करायचं नाही. नवव्या-दहाव्या दिवशी फाईल काढली तर तो पलंगाखालून निघून कपाटापाशी येऊन बसला. तिथून पुढचा टप्पा.

तुमच्या कुत्र्याची ‘फाईल’ दुसरी काही असेल. कुणाचा फक्त दवाखान्यासाठी ठेवलेला पट्टा असतो. कुणाच्या घरी एरवी चालत फिरवतात आणि दवाखान्यालाच गाडी काढतात, मग गाडीच ती खूण होते. जिथे पहिली जीभ बाहेर येते, तिथून काम सुरू करायचं. त्याच्या पुढच्या टप्प्यावर कितीही मेहनत घेतली तरी पाया कच्चा राहतो.

एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. कालपर्यंत निमूट तपासू देणारा कुत्रा अचानक अंगाला हात लावू देईनासा झाला, तर ती भीती नसून दुखणं असण्याची शक्यता मोठी. कानातला संसर्ग, किडलेला दात, म्हाताऱ्या कुत्र्याचे कंबरेचे आणि मागच्या पायांचे सांधे. अशा वेळी सवयी लावत बसू नका. डॉक्टरांना सांगा की हे नवीन आहे, आणि आधी वेदना कमी करा.

‘खाऊ दिला, तरी काही उपयोग होत नाही’

हे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं, आणि बहुतेक ठिकाणी चूक क्रमात असते. आपण पनीर दाखवतो, कुत्रा जवळ येतो, आपण त्याला धरतो आणि सुई टोचली जाते. दोन-तीनदा असं झालं की कुत्रा पनीरचा अर्थ शिकतो: पनीर निघालं म्हणजे आता टोचणार. मग घरीसुद्धा पनीरचा डबा उघडला की तो संशयाने बघतो. आपण म्हणतो, आता पनीरही चालत नाही याला. पनीरची चूक नाही, ते आधी आलं ही चूक.

आधी भीतीची गोष्ट, आणि लगेच मागोमाग खाऊ. स्पिरिटचा बोळा आधी हवेत, मग तुकडा. पंजा हातात आधी, मग तुकडा. बोळा गेला की तुकडेही बंद. हे उलट झालं तर सगळी मेहनत वाया जाते. मी स्पिरिटचा बोळा झाकणाच्या डबीत ठेवला होता. पहिल्या दिवशी डबी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उघडली, कारण जवळ आणली तर तो उठून जात होता. तीन आठवड्यांनी तोच बोळा त्याच्या पुढच्या पायावर फिरवता आला, जिथून रक्त काढतात तिथे.

दुसरी तक्रार, ‘घरी खातो, तिथे तोंडच लावत नाही.’ हे हट्टाने होत नाही. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की कुत्रा खाऊच शकत नाही. तुम्ही त्याच्या भीतीच्या फार जवळ उभे आहात एवढाच त्याचा अर्थ. मागे या, पायरीवरून गल्लीच्या तोंडाशी, तिथेही खात नसेल तर आणखी मागे. जिथे तो खातो ती आजची जागा. गाडीतल्या हेलकाव्यांनी मळमळत असेल किंवा उन्हाने जीव कासावीस झाला असेल तरीही तो खाणार नाही, हेही तपासा.

खाऊ रोजचा नको. रोज मिळणारी पोळी आणि बिस्कीट इथे कामाला येत नाही. उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं असं काहीतरी, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून, आणि ते फक्त याच कामासाठी राखून ठेवलेलं. रक्ताची तपासणी उपाशीपोटी असेल किंवा त्या दिवशी भूल द्यायची असेल तर खाऊ चालेल का हे आधी विचारून घ्या. आणि नाशिककरांना हे वेगळं सांगायला हवं: द्राक्षं नकोत, मनुका नकोत, बेदाणे नकोत. आपल्याकडे हंगामात घरोघरी पेट्या येतात, लहान मुलं प्रेमाने एक-एक द्राक्ष कुत्र्याला भरवतात. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि कांदाही नको. शेंगदाण्याचं बटर वापरत असाल तर डब्यावर ‘झायलिटॉल’ लिहिलेलं नाही ना बघा, ती साखरेऐवजी घातलेली गोडी कुत्र्यांना विषारी आहे.

‘गाडीत बसायलाच तयार नाही’

गाडी फक्त दवाखान्यासाठी निघत असेल तर त्याचा नकार रास्त आहे. बंद गाडीत बसवून खाऊ घाला आणि उतरवा. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करून तेच. मग कोपऱ्यापर्यंत. मग त्याच्या आवडीच्या ठिकाणी. आम्ही पहाटे सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठी जात होतो. दहा फेऱ्यांपैकी एक दवाखान्याची असली तर गाडीचं नाव खराब होत नाही.

स्कूटरच्या पुढच्या जागेत पायांमध्ये कुत्रा उभा करून नेणारे मी रोज बघते. मीही नेलं आहे. खड्डा आला की त्याला धरायला काही नसतं, आणि तो घाबरून उडी मारू शकतो. त्यापेक्षा रिक्षा बरी. रिक्षावाल्या दादांना आधी विचारा, सीटवर जुनी चादर टाका, कुत्रा आतल्या बाजूला आणि पट्टा हाताला गुंडाळलेला. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस हवा, म्हणजे मान सोडवून पळणार नाही. द्वारका चौकात कुत्रा निसटला तर काय होईल, याचा विचारही करवत नाही.

लाळ गळणं, सारखं गिळणं, ओकारी ही मळमळीची लक्षणं. तास-दोन तासांचा प्रवास असेल तर याचा नीट बंदोबस्त करा. नाशिकहून पुढच्या तपासण्यांसाठी कुत्र्याला मुंबईला न्यावं लागलं तर मध्ये कसारा घाट आहे, आणि घाटात ओकलेला कुत्रा तिथे पोचेपर्यंत अर्धमेला होतो. निघण्याआधी पोट हलकं ठेवा (अगदी लहान पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका). मॅरोपिटंट नावाची मळमळीची गोळी कुत्र्यांसाठी मिळते, ती निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. डॉक्टरांना विचारून घ्या.

‘पायरी चढत नाही’

इथे मला सगळ्यात जास्त फरक पडला तो रिकाम्या चकरांनी. रिकामी चकर म्हणजे दवाखान्यात जायचं, काहीही करून न घेता परत यायचं. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, सहा-सात तुकडे दिले, घरी आलो. मग चार दुकानं पुढे. मग समोरचा फुटपाथ. अकराव्या चकरेला तांबू स्वतः पायरी चढला. मी ओढलं नव्हतं, बोलावलंही नव्हतं. आत वजनकाट्याजवळ कंपाउंडर दादांनी जमिनीवर तीन तुकडे ठेवले आणि पाठ फिरवून उभे राहिले, कारण मी त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. नवख्या माणसाने टक लावून बघत, डोक्यावर वाकून हात पुढे केला तर घाबरलेल्या कुत्र्याला ती चढाई वाटते. बाजूला उभं राहिलेलं, नजर दुसरीकडे असलेलं माणूस त्याला चालतं.

यासाठी डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. आम्ही ज्या मॅडमकडे जातो त्यांना मी संध्याकाळची गर्दी संपल्यावर फोन केला. “मॅडम, आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं याला नुसतं आत आणून परत नेलं तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “दुपारी तीनच्या सुमाराला आणा, कोणी नसतं.” एवढंच लागलं. याआधी एका ठिकाणी मला ऐकवलं होतं की कुत्रा आहे, दोन फटके दिले की सरळ येतो. तिथे मी पुन्हा गेले नाही. डॉक्टर बदलावा लागला तर बदला, यात संकोच नको. कुत्र्याला जोर लावून दाबण्यापेक्षा आधार देऊन धरावं, हे अमेरिकेतल्या पशुवैद्य सोफिया यिन (१९६६–२०१४) यांनी आयुष्यभर शिकवलं. २०१६ पासून तिथे पशुवैद्यांना याच धर्तीचं ‘फिअर फ्री’ नावाचं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे आपण काही भलतं मागत नाही.

वाट बघण्याची खोली टाळता आली तर टाळाच. बाहेर थांबा, आत फोन करून कळवा, नंबर आला की सरळ आतल्या खोलीत जा. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी लवकरची वेळ घ्या. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. काच लावलेल्या गाडीत त्याला ठेवून तुम्ही आत जाऊ नका, दहा मिनिटांतही गाडीची भट्टी होते. आणि तातडीचं नसेल तर विसर्जनाचे दिवस, दिवाळीचा आठवडा सोडून द्या. ढोलांनी आणि फटाक्यांनी आधीच हादरलेल्या कुत्र्याला शांत व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्यात दवाखाना घातला तर दोन्ही भीती एकमेकींना चिकटतात.

पिल्लू घरी आणलं असेल तर रिकाम्या चकरा पहिल्या महिन्यापासून सुरू करा. फक्त लशी पूर्ण होईपर्यंत त्याला दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, कडेवरच ठेवा. पार्वो काय करतो ते मी पाहिलंय.

‘टेबलावर ठेवलं की वेडापिसा होतो’

मग टेबलावर ठेवूच नका. स्टीलचं टेबल थंड असतं, नखं घसरतात, खाली दरी दिसते. मोठ्या कुत्र्याची तपासणी जमिनीवर होऊ शकते, लहान कुत्र्याची मांडीवर. डॉक्टरांना नम्रपणे विचारा. मी घरून सतरंजी नेते, त्याच्या रोजच्या ओळखीची. तिला घराचा वास असतो आणि तिच्यावर पाय घसरत नाहीत. गुळगुळीत फरशी हे कित्येक कुत्र्यांचं अर्धं दुखणं आहे, आणि एका सतरंजीने ते जातं.

स्टीलच्या ताटलीला घट्ट दही फासून ठेवा. चाटण्याने कुत्रा शांत होतो आणि त्याचं तोंड एका जागी राहतं. पण वर सांगितलेला क्रम इथेही पाळा: आधी डॉक्टरांचा हात खांद्यावर, मग ताटली समोर. लस खांद्याजवळच्या सैल कातडीखाली देतात. टोचण्याआधी ती जागा बोटांनी जराशी दाबून चोळली तर सुईचा झटका कमी जाणवतो. बाटलीच्या रबरी बुचातून औषध ओढलं की सुईचं टोक किंचित बोथट होतं, म्हणून टोचायला नवी सुई घ्याल का, असं विचारायला हरकत नाही. रक्त पुढच्याच पायातून काढलं पाहिजे असंही नाही. तोंडासमोर कुणी आलेलं न चालणाऱ्या तांबूचं रक्त आता मागच्या पायातून काढतात, आणि तो दही चाटत उभा असतो.

घरी शिकवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर मी हनुवटीची सवय निवडेन. मुढ्यावर दुमडलेला टॉवेल ठेवायचा आणि कुत्र्याने त्यावर हनुवटी टेकवली की खाऊ. ते जमलं की हनुवटी टेकलेली असताना कानाला बोट लावायचं, खाऊ. पंजा उचलायचा, खाऊ. मोकळ्या सिरिंजचं टोक (सुईशिवाय) खांद्याला लावायचं, खाऊ. नियम एकच: त्याने हनुवटी उचलली की आपला हात त्या क्षणी थांबतो. पुन्हा टेकवली तरच पुढे. आधी वाटतं की असं केलं तर तो कधीच काही करू देणार नाही. घडतं वेगळं. आपण थांबवलं तर थांबतं, हे एकदा कळलं की त्याला थांबवण्याची घाई राहत नाही. तांबूला हे शिकायला सहा आठवडे लागले, रोज तीन-चार मिनिटं. दवाखान्यात पहिल्यांदा त्याने आपणहून टॉवेलवर हनुवटी टेकवली तेव्हा मॅडमनी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि नुसत्या बघत राहिल्या.

मुसकं बांधायची लाज वाटते

वाटू देऊ नका. आमचे आप्पा दिंडोरी तालुक्यात शेती करायचे. कोळपणीच्या वेळी बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधायचे, पण एकदम अंगावर जाऊन कधी बांधलं नाही. आधी लांबून हाक, मग पाठीवर हात, मग मुसक्यात चिमूटभर पेंड. बैल स्वतः तोंड खाली करायचा. कुत्र्याचंही तसंच करायचं. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्या, ज्यात तोंड उघडता येतं, जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं. पंधरा दिवस त्यात खाऊ ठेवून त्याला आपणहून तोंड घालू द्या. पट्टा लावायची घाई करू नका. तोंड घट्ट आवळणारं कापडी मुसकं फक्त मिनिट-दोन मिनिटांपुरतं, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि उन्हाळ्यात तोंड बंद झालं तर जिवावर बेतू शकतं. मुसकं घातलेला कुत्रा दिसला की डॉक्टर आणि कंपाउंडरसुद्धा निवांत होतात, त्यांचे हात हळुवार होतात, आणि त्याचा फायदा कुत्र्यालाच होतो.

गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची ‘पुरे’ म्हणायची भाषा आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. आणि घाबरला असताना गोंजारल्याने भीती वाढते, लाडावतो, हे शेजारच्या काकूंपासून सगळे सांगतात, पण ते खरं नाही. भीती ही त्याने ठरवून केलेली गोष्ट नाही, त्यामुळे धीर देण्याने ती पक्की होत नाही. त्याला तुमच्या पायांना चिकटून बसायचं असेल तर बसू द्या.

एवढं करूनही जमत नसेल

तर डॉक्टरांकडे जाण्याआधी द्यायच्या औषधाबद्दल विचारा. हा हरल्याचा कबुलीजबाब समजू नका. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की औषधाशिवाय ते काही शिकूच शकत नाहीत. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन यासाठी वापरतात, साधारणपणे निघण्याच्या दोन तास आधी, आणि काही डॉक्टर आदल्या रात्रीही एक मात्रा देतात. मात्रा वजनावर, वयावर, चालू असलेल्या इतर औषधांवर ठरते, म्हणून ती फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांच्या गोळ्या घरच्या डब्यातून काढून देऊ नका. माणसांच्या काही पातळ औषधांत तेच झायलिटॉल असतं. आणि पहिली मात्रा दवाखान्याच्या दिवशी नको. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा, किती वेळाने सुस्ती येते, चाल डगमगते का, हे वहीत लिहा.

एसप्रोमॅझिन हे जुनं औषध अजूनही दिलं जातं. एकट्या त्याने कुत्रा हलत नाही, पण आतली भीती तशीच राहू शकते, आणि तो अचानक दचकून चावू शकतो. तेच लिहून दिलं असेल तर सोबत भीती कमी करणारं दुसरं काही देता येईल का, ते विचारा.

डॉक्टरांना घरी बोलावणं हा मार्ग काहींना लागू पडतो. फक्त त्याच्या झोपण्याच्या जागेवर सुई देऊ नका. पार्किंग, गच्ची, ओटा चालेल. त्याची एक जागा तरी बिनधास्त राहिली पाहिजे.

अपघात, सर्पदंश, पोट फुगणं यांत यातलं काहीही करत बसायचं नाही. मुसकं किंवा चादर, उचला आणि निघा. मात्र कुत्रा ओकत असेल किंवा श्वास घ्यायला धडपडत असेल तर मुसकं नको. अशा एका चकरेने मेहनत थोडी मागे जाते. जाऊ द्या. तो बरा झाला की रिकाम्या चकरा पुन्हा गल्लीच्या तोंडापासून सुरू करायच्या, दुसऱ्या वेळी त्या बहुधा लवकर होतात.

तांबूची गेली लस मागच्या महिन्यात झाली. पायरीवर तो अजून थांबतो, माझ्याकडे बघतो, मग चढतो. आत थोडा थरथरला, मग सतरंजी अंथरल्यावर तिच्यावर जाऊन उभा राहिला. लस टोचली तेव्हा दही चाटणं थांबलं नाही. नखं मात्र अजून राहिली आहेत. ती दवाखान्यात कापून घेत नाही, घरीच हनुवटी टेकवून एकेक करतो. कालपर्यंत डाव्या पुढच्या पायाची दोन झाली.